कळते, पण बोलता येत नाही

नर्मदा परिक्रमेच्या कथा ऐकत वाढलेल्या आम्हा माळव्यातील माणसांना पायी प्रवासाचे नवल नसावे. तरीही इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील पाऊलवाटेची हकीकत ऐकून आम्हांस कुतूहल वाटले. माइनहेडपासून पूल बंदराच्या मुखापर्यंत ही वाट सुमारे १०१४ किलोमीटर लांब आहे. एकोणिसाव्या शतकात चोरट्या व्यापारावर नजर ठेवण्यासाठी किनारारक्षक येथे गस्त घालीत. समुद्राचा प्रत्येक कोनाकोपरा न्याहाळावयाचा असल्याने त्यांची वाट कड्यांच्या अगदी काठाने गेली. ती गस्त केव्हाच संपली. वाट मात्र चालणाऱ्यांच्या पायांखाली जिवंत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता पुतणीकडे गेलो होतो. ती, तिची बारा वर्षांची कन्या आणि आम्ही दोघे असे चौघेजण कॉर्नवॉलमधील पेन्झन्स ते पोर्थकर्नो हा टप्पा एका दिवसात चाललो. अंतर सुमारे १८ किलोमीटर. परंतु चढउतारांनी गुडघ्यांची पुरती परीक्षा घेतली. न्यूलिनचे मासळीबंदर ओलांडून आम्ही माऊझल या कोळ्यांच्या जुन्या गावी पोहोचलो. तेथून थोडी चढण चढून गेले की पॉल नावाचे खेडे लागते. तेथील चर्चच्या आवाराच्या भिंतीत १८६० साली बसविलेला एक स्मृतिस्तंभ आहे. तो डॉली पेंट्रीथ या मासळी विकणाऱ्या स्त्रीचा. कॉर्निश ही मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती म्हणून तिची ख्याती आहे. ती १७७७ साली वारली.

१७६८ साली डेन्स बॅरिंग्टन नावाचे गृहस्थ तिला शोधीत आले होते. तिला कॉर्निश येत नसावी असे पाहुण्याने गृहीत धरले म्हणून तिने त्यांना कॉर्निशमध्ये चांगलेच फैलावर घेतले. समोरच्या दारांतील दोन शेजारणी ते ऐकून हसल्या. बॅरिंग्टन यांनी नोंदवून ठेवले आहे, की त्या दोघींना ती भाषा समजत होती. सहज बोलता मात्र येत नव्हती.

ही गोष्ट सांगताना आमचा आवाज किंचित अडखळला. “तिला कळतं हो सगळं, फक्त बोलत नाही,” हे वाक्य आपल्या किती घरांत कौतुकाने उच्चारले जाते! आमच्या पुतणीनेही ते आदल्या रात्रीच उच्चारले होते. नातीने इंग्रजीत विचारले, “मग त्या डॉलीशी बोलत का नव्हत्या?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे लॅमोर्नाच्या पलीकडे, सेंट लॉय येथे, वाट गोल गुळगुळीत धोंड्यांवरून जाते. सौभाग्यवती तेथे थबकल्या. तेव्हा पुढे गेलेली नात मागे वळून म्हणाली, “आजी, इथे पाय ठेव. तो दगड हलते.” पुतणी तिची चूक सुधारू पाहत होती, आम्ही नजरेनेच तिला थांबविले. आजीने दाखविलेल्या जागी निमूटपणे पाय ठेवला.

सायंकाळी पोर्थकर्नोच्या वाळूवर उतरलो. १८७० साली समुद्रतळाच्या तारायंत्राने हे चिमुकले गाव मुंबईशी जोडले गेले होते. एवढी लांब तार टाकली, तरी तिच्या दुसऱ्या टोकाशी निरोप घेणारे कोणी बसलेले असावे लागते. भाषेचेही तसेच आहे.

कॉर्निश पुन्हा शिकली जावी म्हणून हेन्री जेनर यांनी १९०४ साली पाठ्यपुस्तक लिहिले. आज ती शिकणारे आहेत, रस्त्यांच्या पाट्यांवरही ती दिसते. परंतु मोडलेली वाट पुन्हा पाडण्याचे कष्ट किती पिढ्यांचे असतात, हे त्या लोकांना विचारावे. आपल्या घरातील वाट अजून मोडलेली नाही. तिच्यावर गवत मात्र वाढू लागले आहे. मुलांच्या ‘हलते’ला हसण्यापूर्वी आपण एवढे ध्यानात ठेवावे, की ती चाल अडखळती असली तरी वाटेवरचीच आहे.