बारीक अक्षरांतला मजकूर

चाळीस वर्षे मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्यात घालवली, असे सांगितले की धारूरची मंडळी माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहतात. आमच्या आत्याबाईंना तर शेवटपर्यंत वाटत असे, की पोराने एवढी बुके शिकून अखेर मुनिमकीच पत्करली. त्यांचे फारसे चुकत नव्हते. मुनीम हिशेब लिहितो. दुसऱ्याने लिहिलेल्या हिशेबात काय सांगायचे राहिले, ते मी शोधतो.

अहवालाच्या गुळगुळीत पानांवर अध्यक्षमहाराजांचे छायाचित्र असते. ते मी सहसा पाहत नाही. माझी नजर जाते ती ताळेबंदामागच्या टिपांकडे. भावाच्या, मेहुण्याच्या कंपनीशी केलेले व्यवहार जाहीर करा, असा नियम आपल्याकडे २००१ साली लागू झाला. तेव्हापासून कितीतरी बड्या घरांतली नाती मला या टिपांतूनच कळली! अर्थात सगळेच तिथे सापडते असे नाही. सत्यम कंपनीच्या हिशेबात रोख आणि बँकेतली शिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांतले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच, हे जानेवारी २००९ मध्ये खुद्द अध्यक्षांच्या पत्रातून जगाला कळले.

पण त्याहून अधिक विचार करायला लावला तो गावातल्या एका शंभर पानी वहीने. बालाघाटच्या डोंगरात सीताफळे पिकू लागली, की आमच्याकडची गावे ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे. उचल फिटली की नाही, ते हंगामाअखेर मुकादमाची वही सांगणार.

निवृत्त होऊन मी गावी आलो, त्या चैत्रात गल्लीतली एक बाई अशी वही घेऊन आली. मुकादमाने ती एका रात्रीपुरतीच दिली होती.

“सर, आमच्याकडं अजून किती निघतंय, तेवढं बघा की.”

मी सवयीने टिपा शोधू लागलो. कुठल्या टिपा! ‘खाडा’ एवढेच लिहून रकमा वजा केलेल्या, तारीख नाही. ऊस किती टन तोडला, तेही नाही; वजनकाट्याच्या पावत्या दुसऱ्याच कुणाकडे. वहीत खाडे अकरा. बाईच्या मते चार, आणि त्या चारही दिवशी काय झाले ते तिला तोंडपाठ होते.

हीच उचल साखर कारखान्यांच्या अहवालांत मी कितीदा तरी वाचली होती. तिथे ती ऊसतोडणी-वाहतुकीपोटी दिलेली रक्कम म्हणून येण्याच्या बाजूला असते. तिचे लेखापरीक्षण होते, सभासदांसाठी अहवाल छापला जातो. एकच रुपया कारखान्याच्या ताळेबंदात येणे, मुकादमाच्या वहीत येणे. आणि ज्या हातांनी तो फेडायचा, त्यांच्या घरात एक चिटोरेही नाही. आमच्या शास्त्रात ‘प्रकटीकरण’ असा भारदस्त शब्द आहे. प्रकट करायचे ते भागधारकाला, कर्ज देणाऱ्या बँकेला, सरकारला. कर्ज फेडणाऱ्या मजुराचे नाव त्या यादीत कुणी घातलेले मी तरी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. दोन रकाने आखून मी कागद त्याच्यापुढे ठेवला. बराच वेळ तो पाहत राहिला. तीन खाडे त्याने खोडले, चारांवर मात्र हटून बसला. बाईने वाद घातला नाही. जाताना तिने माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली आणि शाळेत जाणाऱ्या लेकीला त्यात तारखा आखायला बसवले.