उचल

आमची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज, 2020 च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच. तीच गाडी चालवायचा व्हिडिओ गेम मी बनवतोय. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. उतारू चढवायचे, रुळावरच्या शेळ्या हाकलायच्या, बस्स. गोडॉट इंजिन फुकट, घर वडिलांचं. बजेट कसलं आलंय, असं वाटायचं.

एका परदेशी प्रकाशकाने बजेट मागितलं तेव्हा एक्सेल उघडली. ग्राफिक कार्ड, इन्व्हर्टरची बॅटरी (पाचोऱ्यात ती धरावीच लागते), संगीतकाराचं मानधन, स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायचे 100 डॉलर. तेही 1,000 डॉलरचा धंदा झाला की परत मिळतात. बेरीज 2,40,000.

उत्तर आलं : 6 लाख अ‍ॅडव्हान्स! पेढे आणायला निघालोच होतो, पण म्हटलं आधी करार वाचू. शब्द कळत होते, वाक्य एकही कळेना. 'रिकूप', म्हणजे वसुली, या शब्दापाशी दोन दिवस अडलो. पुढे एक कलम, अंतिम मंजुरी प्रकाशकाची. आणि मेलमध्ये प्रेमळ सूचना : गाडी छान आहे, डब्यात झोंबी घेता येतील का?

शेंदुर्णीच्या बाजाराला निघालेल्या गाडीत झोंबी!

वडील कापूस लावतात. मी समजावलं तसं ते म्हणाले, "हाई ते उचलच शे." पेरणीला व्यापाऱ्याचे पैसे घेतले की माल त्याच्याच काट्यावर जातो, हे त्यांना सांगावं लागत नाही. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. गेम 300 रुपयांचा. स्टीमचे 30 टक्के गेले, उरले 210. त्यात माझा वाटा 40 टक्के, म्हणजे 84. उचल फिटायची ती या 84 मधूनच. मी 6 लाखांना 210 ने भागत होतो, 2,857 प्रती. खरा आकडा 7,143. तोवर मला एक पैसा नाही, प्रकाशकाचे 126 मात्र पहिल्या प्रतीपासून सुरू.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मला फार आवडतो. 2017 मध्ये त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली, संस्थापकांपैकी एकीने फ्लॅट विकला, पुढे प्रकाशक मिळाला आणि 2020 मध्ये गेम आला. पूर्वी मी हे शौर्यकथेसारखं सांगायचो. आता फ्लॅटपाशी थांबतो.

प्रकाशकाला नकार कळवला. धाडस वगैरे नाही, झोंबी काढता येत नव्हते एवढंच.

वडील अजून एक्सेलकडेच बघत होते. "तुझी मजुरी कुठंय यात?"

नव्हतीच. त्यांच्या कापसाच्या वहीतही त्यांची स्वतःची नसते, पण ते बोललो नाही. नवी ओळ घातली : 36 महिने, महिना 25,000. एंटर दाबलं. बेरजेच्या चौकटीत आकडा मावेना, नुसत्या फुल्या आल्या.

"आता हे काय?" वडिलांनी विचारलं. मी रकाना ओढून रुंद करत होतो.