पिठाची वाटी
मैत्रिणींनो, ‘या वयात कसलं लिहायचं?’ असं परवा मी ह्यांना म्हटलं खरं, पण मग फ्रँक मॅकोर्ट आठवले. न्यूयॉर्कच्या शाळांतून जवळजवळ ३० वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर. १९९६ साली ‘अँजेलाज ॲशेस’ हे पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय ६६! पुढच्याच वर्षी पुलित्झर. आणि लिहिलं काय, तर आयर्लंडमधल्या लिमरिकचं आपलं बालपण. बाप मजुरी दारूत उडवायचा, आई पोरांसाठी हात पसरायची. असलं आपण शेजारणीला तरी सांगतो का, बाई? त्यांनी तर पुस्तकाला आईचंच नाव दिलं.

उसनं पीठ आणायला आई मला मागच्या दाराने पाठवायची. सुनेला हे अजून ठाऊक नाही. काल नातवाची अर्धी कोरी वही घेतली आणि तिथूनच सुरुवात केली.