चूक कोणाच्या हातात द्यायची?

कोडिंग असिस्टंटला आपल्या पद्धतीने लिहायला लावायचं म्हटलं की बहुतेक जण दिसण्यापासून सुरुवात करतात: टॅब की स्पेस, ओळ किती लांब, व्हेरिएबलची नावं कशी. त्यासाठी सोयही आहे. क्लॉड कोड प्रकल्पातली 'क्लॉड.एमडी' ही फाइल वाचतो, गिटहब कोपायलटसाठी सूचनांची वेगळी फाइल ठेवता येते, कर्सरला स्वतःचे नियम देता येतात. या फाइलींशी रोजचा संबंध आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की त्यांतला मोठा भाग वाया जातो. ओळी कशा मांडायच्या हे ठरवायला गो भाषेसाठी गोएफएमटी आहे, पायथनसाठी ब्लॅक, रस्टसाठी रस्टएफएमटी. ही साधनं दर वेळी तेच उत्तर देतात. मॉडेल देईलच याची खात्री नसते. मग तेच काम मॉडेलला शब्दांत का समजावायचं? प्रोग्रामिंगची शैली ठरते ती दुसऱ्याच ठिकाणी. चूक झाली तर ती कोणी सांभाळायची, मेमरी कोणी मागायची आणि कोणी परत करायची, एका फंक्शनने किती गुंतागुंत पोटात घ्यायची, हे ते निर्णय. त्यांच्यामागे कारणं असतात, आणि असिस्टंटला सांगायची ती ही कारणं.

एर्लांगचं उदाहरण घेतो, कारण तिथे फरक लख्ख दिसतो. 1980च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही भाषा घडली. एका कॉलमधल्या बिघाडाने बाकीचे कॉल तुटू नयेत, ही तिथली गरज होती. म्हणून काम छोट्या, एकमेकींपासून अलग प्रोसेसमध्ये वाटलं जातं. एखादीत अनपेक्षित काही घडलं तर ती सरळ मरते, तिच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर ती कोऱ्या स्थितीतून पुन्हा सुरू करतो. एर्लांगच्या निर्मात्यांपैकी एक, जो आर्मस्ट्राँग, यांनी 2003च्या आपल्या प्रबंधात हाच विचार सविस्तर मांडला आहे. आता काहीही न सांगता असिस्टंटला एर्लांगच्या प्रकल्पात सोडा. सार्वजनिक कोडमध्ये जावा, पायथन, जावास्क्रिप्टचा भरणा मोठा, तेव्हा तिकडची सवय इकडे येते. प्रत्येक फंक्शन-कॉलभोवती ट्राय-कॅच पडतो, चूक लॉगमध्ये लिहिली जाते, आणि प्रोसेस बिघडलेली स्थिती घेऊन तशीच पुढे चालत राहते. सुपरवायझरला काही कळतच नाही, कारण मेलं कोणीच नाही. कोड कंपाइल होतो, टेस्ट पास होतात, वरवर पाहणाऱ्याला तो काळजीपूर्वक लिहिलेलाही वाटतो. आणि ज्या एका गुणासाठी एर्लांग निवडली, तोच नाहीसा झालेला असतो.

'एर्लांगच्या पद्धतीने लिही' एवढ्या सूचनेने थोडा फरक पडतो, पण भरवसा ठेवावा इतका नाही. त्यापेक्षा असं लिहावं: 'या मोड्यूलमध्ये अनपेक्षित चूक पकडायची नाही. प्रोसेस मरू दे, सुपरवायझर ती नव्याने सुरू करतो. ग्राहकाने चुकीचा इनपुट पाठवणं ही मात्र अपेक्षित गोष्ट आहे. तिला नीट उत्तर दे.' या चार वाक्यांत निर्णय आहे, कारण आहे आणि सीमाही आहे. डेटाबेसचं कनेक्शन तुटलं तर काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही, तरी उत्तर त्यातून निघतं.

नुसता नियम दिला आणि कारण गाळलं तर काय होतं? नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले जेरार्ड होल्झमन यांनी 2006 मध्ये जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी दहा नियम मांडले. रिकर्शन वापरू नये, प्रत्येक लूपला ठरलेली वरची मर्यादा असावी, सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर नवी मेमरी मागू नये, असे ते नियम आहेत. त्यांचा मोठा हेतू हा की प्रोग्रॅम कुठवर जाऊ शकतो हे साधनाने तपासता यावं. असिस्टंटला फक्त 'रिकर्शन नको' सांगितलं तर तो रिकर्शन काढून त्याजागी लूप आणि हाताने बांधलेला स्टॅक आणू शकतो, आणि तो स्टॅक वाटेल तितका वाढणारा असू शकतो. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, हेतू बुडाला. 'स्टॅक जास्तीत जास्त किती वाढेल हे आधीच सिद्ध करता आलं पाहिजे' असं म्हटलं असतं, तर ही पळवाट उरली नसती.

कोणी म्हणेल, एवढं लिहिण्यापेक्षा एखाद्या जाणकाराचं नाव द्यावं, मॉडेलने त्यांची पुस्तकं कोळून प्यायलेली असणारच. पण नुसत्या नावाने निवड होत नाही, कारण जाणकारांचंही आपसांत पटत नाही. रॉबर्ट मार्टिन यांचं 'क्लीन कोड' (2008) फंक्शनं अगदी लहान ठेवायला सांगतं आणि कॉमेंटकडे बरंचसं नाइलाज म्हणून पाहतं. जॉन ऑस्टरहाउट यांचं 'अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन' (2018) म्हणतं की इंटरफेस लहान आणि आत काम मोठं असं मोड्यूल असावं. कोड उगाच चिरत गेलं तर इंटरफेसच वाढतात, आणि कॉमेंट हा डिझाइनचाच भाग आहे. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. टीमने यांतलं काय स्वीकारलं हे ठरवलेलं नसेल, तर असिस्टंट एका फाइलीत एक आणि दुसरीत दुसरं करतो. तो दोष मी मॉडेलच्या माथी मारणार नाही. ठरवायचं आपलं काम राहून गेलेलं असतं.

याहून वजनदार आक्षेप असा की असिस्टंट आपला जुना कोड वाचतोच, त्यातून शैली उचलेल. नावं, मांडणी, फाइलींची रचना यांपुरतं हे खरं आहे, आणि तेवढं लिहायची गरज नाही हे मला मान्य आहे. पण कोड काय केलं ते सांगतो; त्यातलं काय आता नकोसं झालं आहे, ते सांगत नाही. कॉलबॅककडून असिंक-अवेटकडे निघालेला जावास्क्रिप्ट प्रकल्प अर्ध्या वाटेवर असतो, तेव्हा बहुमत जुन्या पद्धतीचंच असतं, आणि असिस्टंट शेजारची फाइल पाहून तीच गिरवतो. मुद्दाम टाळलेल्या गोष्टींचं तर कोडमध्ये चिन्हही नसतं. एखादी लोकप्रिय लायब्ररी विचार करून बाहेर ठेवली असेल, तर ती कशी दिसणार? असिस्टंट ती आनंदाने घेऊन येतो.

सूचना लांबल्या की पाळल्या जात नाहीत, ही तक्रारही खरी आहे. म्हणूनच लिंटर पकडू शकतो ते लिंटरकडे द्यावं, आणि फक्त माणसाच्या विवेकाने ठरणारं फाइलीत ठेवावं. ही फाइल प्रकल्पासोबत राहावी, वैयक्तिक एडिटरमध्ये नव्हे. पुण्यातल्या सेवा-कंपन्यांत एकच प्रोग्रामर एका ग्राहकाच्या कामावरून दुसऱ्याच्या कामावर जातो. त्याची आवड त्याच्यासोबत फिरली तर दोन्ही ग्राहकांच्या कोडचं नुकसान होतं. मॉडेलला कधी आपल्यापेक्षा चांगलं सुचेल, हेही मी नाकारत नाही. ते त्याने सुचवावं, परस्पर करू नये, आणि हीसुद्धा फाइलीत लिहायची गोष्ट आहे.

तुमच्या प्रकल्पात अशी फाइल असेल तर ती आज उघडा. 'स्वच्छ', 'सुटसुटीत', 'दर्जेदार' ही विशेषणं खोडा आणि त्यांच्या जागी पहिलं वाक्य हे लिहा: आमच्याकडे चूक झाली की ती कोणाच्या हातात द्यायची, आणि का. ते वाक्य जमत नसेल तर असिस्टंट बाजूला ठेवा आणि आधी टीमसोबत बसा.