पांढऱ्या बोगद्यातली स्वारी

या, ओळख करून देतो. इंदूरच्या एखाद्या तपासणी केंद्रात, अगदी आतल्या गार खोलीत जी गलेलठ्ठ पांढरी स्वारी बसलेली असते, ती एमआरआय. देवास इथून पस्तीसेक किलोमीटर, धार साठ-पासष्ट. दोन्हीकडची मराठी मंडळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात आणि देवळात बसावं तशी आवाज खाली करून बाहेर बसतात. स्वारीला हे आवडत असावं.

धातूचा तिला भारी सोस, म्हणून तो बाहेरच ठेवायचा. आकडे, जोडवी, करदोटा, सगळं. धारच्या एखाद्या आजी मंगळसूत्रापाशी अडतात. "लग्नापासून उतरवलं नाही गं!" मग सून ते मुठीत घट्ट धरून दाराबाहेर उभी राहते. तीन टेस्लाची स्वारी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पट जोर बाळगून असते. रात्री सगळे कुलूप लावून गेले तरी हिचं चुंबक जागंच. पोटात उणे २६९ अंशांचं द्रव हेलियम असेल तोवरच ही मिजास, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

गळा म्हणाल तर भयंकर. ठकठक, घर्रघर्र, मध्येच कुणी पत्रे ठोकतंय असा गोंगाट. कानात बोळे घालूनही ऐकू येतो. "अम्मा, हिलना मत," माइकवरून सूचना येते. "हलत नाहीये रे बाबा," म्हणून आजी मान हलवतात आणि तो फोटो पुन्हा काढावा लागतो.

तरुणपणी स्वारी नुसते फोटो काढायची. १९९० साली सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला नवं वेड लावलं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाच्या कामात किंचित खोडा घालतं, ऑक्सिजनवालं घालत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि तो फरक हिला टिपता येतो. झालं! तेव्हापासून रक्ताचा ओघ पाहायचा आणि मन वाचल्याचा आव आणायचा. त्यातही उशीर. रक्ताची लाट चढायला पाच-सहा सेकंद लागतात, म्हणजे राग येऊन माणूस 'जाऊ दे' म्हणतो तेव्हा कुठे हिला खबर.

एकदा तिची चांगलीच फजिती झाली. २००९ साली क्रेग बेनेट आणि मंडळींनी तिच्या पोटात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची चित्रं दाखवली आणि या लोकांना काय वाटत असेल ते सांग म्हणून विचारलं. माशाच्या मेंदूत ठिपके उजळले! हजारो ठिकाणी एकाच वेळी शोधलं की योगायोगाने काहीतरी सापडतंच. तो हिशेब गणितात दुरुस्त केला तेव्हा मासा पुन्हा मेला. या प्रयोगाला २०१२ साली इग नोबेल मिळालं. स्वारीसमोर विषय काढू नका.

पण नैराश्याबाबत तिने जे दाखवलं त्यासाठी तिचे सगळे नखरे माफ. ते समजायला देवास आठवा. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, पवारांचीच दोन संस्थानं. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दरबारांचा अंमल. १९४८ पर्यंत हे चाललं. डोक्यातही तसंच आहे. कपाळामागचा विचार करणारा भाग हा थोरला दरबार, आणि खोल आत बदामाएवढा अमिग्डाला हा धाकटा, भीती वाटली की आधी दवंडी पिटणारा. विस्कॉन्सिनमध्ये टॉम जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वारीत झोपवून त्रासदायक चित्रं दाखवली आणि सांगितलं, याचा शेवट चांगला होईल अशी कल्पना करून वाईट वाटणं कमी करा. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. निरोगी लोकांत थोरल्या दरबाराने हुकूम सोडला की धाकट्याची दवंडी मंदावत होती. नैराश्यात असलेल्यांच्या थोरल्या दरबारातही लगबग होतीच, मेंदूच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना होती. पण तिथे जितका जोर जास्त, तितका धाकट्याचा गलबलाही जास्त. 'जरा मनावर घे, विसरून जा,' असं सांगणाऱ्या तमाम काका-मावश्यांना हा आलेख फ्रेम करून द्यावा असं मला फार वाटतं. नैराश्यातला माणूस मनावर घेतोच आहे हो!

मात्र हे सगळं पुष्कळ माणसांची सरासरी काढल्यावर. एकट्या माणसाला नैराश्य आहे की नाही, हे विचारलं की स्वारी गप्प. देवासचा एखादा मुलगा, महिनोन् महिने झोप नाही, जेवण नाही. काका पदरचे पैसे खर्चून त्याचा एमआरआय काढून आणतात. रिपोर्टात 'नॉर्मल'. काका खूश. "बघ, काही नाही तुला!" मुलगा खाली बघतो.

मानसोपचारतज्ज्ञ ती मोठी फिल्म उजेडात धरून पाहतात, बाजूला ठेवतात आणि मुलाला विचारतात, सकाळी उठल्यावर कसं वाटतं? तो बोलायला लागतो. अर्धा तास बोलतो.

"मग डॉक्टरसाहेब, हा एवढा महागाचा फोटो कशाला काढला?" निघताना काका विचारतात.

"गाठबीठ नाही ना, एवढं कळलं. गोळ्या रात्री जेवल्यावर द्या."