पिक्चर संपल्यानंतरचं गाणं

आपल्याकडे पिक्चर संपल्याचं पडद्यापेक्षा खुर्च्यांवरून जास्त कळतं. हिरो-हिरॉईन भेटले किंवा व्हिलन मेला, की खटाखट सीटा वर होतात, दारं उघडतात, आणि पडद्यावरची नावं बिचारी कुणी न वाचताच वर सरकत राहतात. जालन्यात तर शेवटच्या पाच मिनिटांत निम्मं थेटर उभंच असायचं. कारण सोपं होतं, स्टँडवरून सायकल काढायला गर्दी व्हायच्या आत पोचायचं!

२००९ च्या जानेवारीत 'स्लमडॉग मिलियनेअर' बघताना मात्र वेगळंच झालं. लोक सवयीप्रमाणे उठले, दाराकडे वळले आणि मधल्या वाटेतच थांबले. कारण पडद्यावर 'जय हो' सुरू झालं होतं. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. (आम्ही हिंदीत डब केलेला, म्हणजे 'स्लमडॉग करोडपती' बघितला होता. इंग्रजी कळायची अडचण नको म्हणून!)

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार घोळतोय. गोष्ट संपल्यावर आलेलं एक चार-पाच मिनिटांचं गाणं अख्ख्या पिक्चरचा शेवट कसा काय बदलून टाकतं?

एक करून बघा. मनातल्या मनात ते गाणं कापून टाका. आता उरतं काय? जमालने दोन कोटी जिंकलेत. पण त्याची आई दंगलीत मारली गेलीय. त्याच्याबरोबरच्या एका पोराचे डोळे भीक जास्त मिळावी म्हणून घालवलेत. आदल्या रात्री पोलीस ठाण्यात त्याला विजेचे झटके दिलेत. भाऊ नोटांनी भरलेल्या टबमध्ये गोळ्या लागून मरून पडलाय. लतिकाच्या गालावर चाकूचा वण आहे. दोघं रात्री सीएसटीच्या फलाटावर भेटतात, तो तो वण ओठांनी टिपतो आणि पडदा काळा होतो. सांगा बरं, हा काय सुखी पिक्चर झाला? जिवाला घोर लावणारी गोष्ट आहे ही. घरी येऊन माणूस मुकाट्याने जेवेल आणि झोपेल.

आणि आता ते गाणं परत जोडा. गुलजारांचे शब्द, रेहमानचा ठेका, सुखविंदरचा आवाज. फलाटावर ती दोघं नाचायला लागतात आणि बघता बघता मागे रांगाच्या रांगा उभ्या राहतात. देव पटेल काही सराईत नाचणाऱ्यासारखा वाटत नाही, आणि तेच बरं वाटतं. आपल्यातलाच कुणीतरी वरातीत शिरलाय असं वाटतं.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. अख्ख्या पिक्चरमध्ये लतिका त्याआधी एकदाच नाचताना दिसते. तेव्हा ती लहान आहे, तिला विकायचं ठरलंय, आणि गिऱ्हाईकासाठी तिला नाच शिकवला जातोय. म्हणजे त्या पोरीला नाच माहीत आहे तो असा. शेवटी फलाटावर ती नाचते तेव्हा तिला कुणी नाचवत नाहीये. गाणं नसतं तर तिचं हे सुटणं आपल्याला दिसलंच नसतं. दोन कोटी जमालला मिळाले, लतिकाला जे मिळालं ते त्या गाण्यात आहे.

त्या गाण्याची पुढची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये पिक्चरला आठ ऑस्कर मिळाले, त्यातले दोन रेहमानला, आणि गाण्याच्या ऑस्करमध्ये गुलजार वाटेकरी. त्याच वर्षीच्या लोकसभेला काँग्रेसने या गाण्याचे हक्क घेऊन प्रचारात वाजवलं. आमच्याकडे बँडवाल्यांनी ते लग्नसराईत उचललं. पण मला लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. तो नाच बसवला लाँजिनस फर्नांडिस यांनी, आणि नेमकं त्यांचंच नाव शेवटच्या नामावलीत राहून गेलं! दिग्दर्शक डॅनी बॉयलने ऑस्कर घेताना स्टेजवरून ते कबूल केलं आणि त्यांचे आभार मानले. ज्या नाचामुळे लोक नावं वर सरकेपर्यंत थांबले, त्या नाचवाल्याचंच नाव तिथे नव्हतं. असो.

माझा एक मित्र आहे, पिक्चर बघून भांडणारा. त्याचं म्हणणं, "अरे, ही सरळसरळ फसवणूक आहे. दोन तास गरिबी दाखवायची, लोकांना हलवायचं, आणि शेवटी ढोल वाजवून सगळं विसरायला लावायचं. घरी जाताना कुणाला त्या आंधळ्या पोराची आठवण राहते का? सगळे गाणं गुणगुणत जातात."

त्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. शेवटी गाणं वाजवलं की झालं, इतकं ते सोपं नाहीच. 'जाने भी दो यारों' (१९८३) आठवून बघा. कुंदन शाहने शेवटी 'हम होंगे कामयाब' वाजवलं. शाळेत प्रार्थनेला म्हणतात ते उमेदीचं गाणं. आणि पडद्यावर काय, तर काहीही गुन्हा नसलेले दोन फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावरून चालतायत आणि आपल्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतायत. गाणं जितकं आशेचं, तितका तो शेवट जास्त बोचतो. तिकडे इंग्लंडच्या माँटी पायथनवाल्यांनी 'लाइफ ऑफ ब्रायन'मध्ये (१९७९) क्रुसावर लटकवलेल्या माणसांना शीळ घालत गाणं म्हणायला लावलं. तिथे ते गाणं मरणालाच वेडावून दाखवतं.

आणि आपला 'सैराट'? २०१६ च्या उन्हाळ्यात 'झिंगाट'वर मराठवाड्यात थेटरात लोक खुर्च्या सोडून नाचले. पण नागराज मंजुळेंनी ते गाणं पूर्वार्धातच वाजवून संपवलं. शेवटाला त्यांनी आवाजच काढून घेतला. ते लेकरू रक्तात पाय भरून दाराबाहेर येतं आणि थेटरात श्वास घेतलेला ऐकू येतो. तिथे गाणं वाजलं असतं तर तो गुन्हाच ठरला असता, कारण आर्ची आणि परश्या सुटलेच नव्हते. 'जय हो' चालतं, कारण जमाल आणि लतिका जिवंत आहेत. मला वाटतं, हाच पहिला नियम असावा. नाचायला कुणीतरी उरलेलं पाहिजे.

मित्राला मी आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती त्या जागेबद्दल आहे.

पिक्चर अमेरिकेत लागला १२ नोव्हेंबर २००८ ला. त्यानंतर बरोबर १४ दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या रात्री, दोन अतिरेकी सीएसटीत शिरले. लांबच्या गाड्यांची वाट बघत लोक सामानावर डोकं टेकून बसले होते, त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या एका स्टेशनात ५८ माणसं गेली. पिक्चर आपल्याकडे लागला २३ जानेवारी २००९ ला. मध्ये जेमतेम दोन महिने. तो नाच हल्ल्याच्या कितीतरी आधी चित्रित झालेला होता, बनवणाऱ्यांच्या मनात यातलं काहीच नव्हतं. पण आपण थेटरात बसलो तेव्हा आपल्याला ते सगळं माहीत होतं. न्यूयॉर्कच्या माणसाने एक सुंदर जुनं स्टेशन बघितलं. आपण बघितलं ते टीव्हीवर रात्रभर दिसलेलं, रक्ताने भरलेलं, सांडलेल्या चपलांचं स्टेशन. आणि त्याच स्टेशनात माणसं नाचत होती.

दाराकडे निघालेले लोक मधेच का थांबले, याचं माझं उत्तर हे आहे.

जालनेकरांना सीएसटी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. देवगिरी एक्सप्रेसने रात्री झोपायचं आणि मुंबईत सकाळी उतरायचं ते तिथेच. नोकरीची मुलाखत असो, मंत्रालयातलं काम असो नाहीतर दवाखाना, मराठवाड्याच्या माणसाचा मुंबईतला पहिला पाय त्या फलाटावर पडतो आणि शेवटचाही. मस्तगडावर आपल्याला हाक मारून चहा पाजणारे दहा जण असतात. तिथे मात्र आपण कुणीच नसतो, खांद्यावर पिशवी असलेलं एक डोकं. त्या रात्री जे गेले, त्यांच्यातले कितीतरी असेच, गाडीची वाट बघणारे.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. स्टेशनवर घोषणा करणारे विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून माईकवर लोकांना सांगत राहिले, इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या त्या आवाजामुळे शेकडो माणसं वाचली. रोज 'गाडी अमुक मिनिटे उशिरा' सांगणारा तो आवाज, आपण कधी लक्ष देऊन ऐकतही नाही. त्या रात्री तोच कामाला आला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी बाबांना घेऊन मुंबईला गेलो होतो. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. बाबांना न सांगताही कळलं होतं. रात्री सीएसटीला देवगिरीची वाट बघत बसलो. खांबांवर नजर गेली की गोळ्यांच्या खुणा शोधायची सवय तेव्हा सगळ्यांनाच लागली होती. शेजारी नांदेडकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या पोराकडे चायना मोबाईल, आवाज असा की अर्ध्या फलाटाला ऐकू जावा. त्याने 'जय हो' लावलं. त्यांची चार-पाच वर्षांची पोरगी गोणीभोवती गोल गोल फिरत नाचायला लागली. तिच्या आईने "गप बस, लोकं बघू लागलेत" म्हणून दोनदा ओढलं, पण ती कसली ऐकते!

मला ते सहन होईना. बाबांना त्रास होईल म्हणून मी त्या पोराला बंद कर म्हणायला उठलो. बाबांनी माझा हात धरला. दुसऱ्या हाताची बोटं रिपोर्टच्या फाईलवर ठेका धरत होती. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात त्यांनी तीस वर्षं पखवाज वाजवला होता, आषाढीला आनंदी स्वामींच्या यात्रेत टाळकऱ्यांबरोबर ते असायचेच. म्हणाले, "वाजू दे रे. काल्याचं आहे ते."

मी म्हटलं, "कशाचं?"

"काल्याचं. सात दिवस सप्ताह चालतो, वैराग्याचं ऐकतोस, मरणाचं ऐकतोस, रडतोस. शेवटच्या दिवशी काय असतं? काल्याचं कीर्तन. दही, लाह्या, गोपाळांचा खेळ. मग आधीचे सात दिवस खोटे होते का?"

एवढंच बोलले आणि परत बोटं चालू.

पुढे दिवाळीच्या आधी ते गेले. भजनी मंडळ आलं होतं, चालताना गजर संथ होता आणि शेवटी शेवटी बऱ्यापैकी चढला. वारकऱ्यांकडे तसंच असतं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाहेरगावचा कुणी बघत असता तर म्हणाला असता, यांना दुःख झालेलं दिसत नाही.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला बाबांच्या त्या वाक्यात सापडतं. काला हा सप्ताहाचा विसर पाडण्यासाठी नसतो. सगळ्यांनी मिळून ऐकलं, आता सगळ्यांनी मिळून वाटून खायचं, असा त्याचा अर्थ. म्हणून तो एकट्याला करता येत नाही. आपल्या जुन्या नाटकांतही शेवटी भरतवाक्य असायचं. गोष्ट संपलेली असते, नट आपली भूमिका बाजूला ठेवून पुढे येतात आणि सगळ्यांचं भलं होवो म्हणतात. 'जय हो' या दोन शब्दांचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

पिक्चर दोन तास एकट्या जमालचा असतो. खुर्चीवर तो एकटा, प्रश्न त्याला एकट्याला, नशीबही त्याचंच. गाणं सुरू झालं की शेवट एकदम गर्दीचा होतो, नाव नसलेल्या, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांचा. दोन महिन्यांपूर्वी त्याच स्टेशनात जी माणसं मारली गेली, ती अशाच गर्दीतली होती. ती परत येणार नव्हती, आणि गाणं तसा दावाही करत नाही. फक्त फलाट परत माणसांचा आहे, एवढं ते म्हणतं. त्या साली आम्हाला तेवढंही पुरेसं होतं.

आता त्या स्टेशनाचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून आपल्याकडून वंदे भारतही तिथे जाते. नवी पोरं फलाटावर उतरतात, मोबाईलवर रील बनवतात, नाचतात. पोलीस हटकतात, लोक वैतागतात. मी आपला बॅग बाजूला ओढून त्यांना जागा करून देतो.