हात हातात घेणारा डॉक्टर

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आपल्या खान्देशातली एक हकीकत लिहून ठेवली आहे. १९२९ साली धुळ्याचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी नवख्या माणसाने टांगा हाकला, पुलावर बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्याच आठवणींत काठियावाडच्या एका डॉक्टरचीही हकीकत आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी होती. डॉक्टरने थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून दिले, तिला स्पर्श केला नाही. ती माउली गेली.

डॉक्टरच्या हाताचे मोल अशा वेळी कळते. म्हणून त्या डॉक्टरच्या अगदी उलट वाटेने गेलेल्या एका शल्यविशारदाची ओळख आम्हाला वाचकांना करून द्यावीशी वाटते.

त्यांचे नाव डॉ. नोशीर अंतिया. जन्म १९२२ चा, पारशी कुटुंबातला. इंग्लंडमध्ये ते सर हॅरॉल्ड गिलिस यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरी शिकले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविछिन्न झालेल्या सैनिकांना माणसांत आणणारे ते हेच गिलिस. एवढी विद्या घेऊन आलेल्या माणसाला श्रीमंतांची नाकेडोळे नीट करून बंगले बांधता आले असते. अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्याला कुष्ठरोग्यांकडे गेले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. तिथे गरिबांचे भाजलेले अंग, बसलेली नाके, वाकडे झालेले हात त्यांच्यापुढे येत.

कुष्ठरोगात बोटे सडून गळतात, अशी लोकांची समजूत होती. खरा प्रकार वेगळा आहे. रोगाने कोपराजवळची नस मेली की तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट आकड्यासारखे वळते. हाताची जाणीव जाते. मग चटका बसतो, काच लागते, माणसाला काही कळत नाही. जखमा चिघळत जातात आणि त्यातच बोटे झिजतात. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाअखेर दाखवून दिले की कोपराखालचे मोठे स्नायू पुष्कळदा शाबूत असतात. त्यातल्या एकाची दोरी बोटांना नेऊन जोडली आणि काही आठवडे व्यायाम केला, तर वाकलेला पंजा पुन्हा उघडतो. गेलेली जाणीव परत येत नाही, पण हात कामाला लागतो. मोलमजुरी करणाऱ्याला याहून मोठी मिळकत कोणती?

आमचे एक मामा जळगावच्या एका जिनिंगात हमाली करीत. चुलीवरचे तापलेले तपेले ते उघड्या हातांनी उतरवीत. घरची माणसे कौतुकाने म्हणत, कष्टाने हात दगड झाले! दंडावर फिकट चट्टा होता, तो त्यांनी बाहीखाली झाकून ठेवला. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. बोटे वळू लागली, गाठ उचलवेना, काम सुटले. पुढे गोळ्यांनी रोग बरा झाला, पण पंजा वाकडाच राहिला. तो सरळ करता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

अंतियांना हेच खुपत असावे. एकेक हात सरळ करून किती जणांना पुरे पडणार? सत्तरच्या दशकात त्यांनी समुद्रापलीकडच्या मांडव्याच्या परिसरात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्या बायका घराघरांत जाऊन रोग ओळखू लागल्या. आरोग्याचे ज्ञान डॉक्टरांच्या कपाटात कोंडून ठेवण्याची वस्तू नाही, असे ते अखेरपर्यंत मांडत राहिले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपल्या घराघरांत आहे. त्यात बाबासाहेबांनी राजगृहाच्या सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा मुद्दाम घेतली आहे. सभा पाहून तो जेवणाच्या आशेने आला होता. तथागतांनी त्याला हाकलले नाही. धम्म समजेल असा माणूस या सभेत कोण, तर हा, असे त्यांनी जाणले. ज्या समाजाने विटाळाचे चटके सोसले, त्याच्या घरात रोग्याचे ताट वेगळे असावे काय?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर लेकराबाळांची, म्हाताऱ्यांची कातडी उजेडात पाहा. फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे पिसाचा स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठा. औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर न चुकता घ्यावे लागते. वेळेवर घेतले तर बोट वाकडे होत नाही. सोयरिकीच्या भीतीने चट्टा लपवू नका. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, तेही २०१९ साली काढून टाकले आहे. आणि कोणाचा पंजा आधीच वळला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: शस्त्रक्रियेने हा हात सरळ होईल काय?